मठात राहून विद्वान कसे व्हावे : नवशिक्यांसाठी

ख्रिस्ती मठात राहून एकाच वेळी संन्यासी, ग्रंथकार आणि मास्तर होण्याची इच्छा असणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. काळ इसवी सनाचं सातवं-आठवं शतक. ठिकाण इंग्लंडच्या ईशान्येचं नॉर्थंब्रिया राज्य. पूर्वानुभव लागत नाही, पगार मिळत नाही आणि बदली होत नाही. नमुना म्हणून आपण बीडगुरुजींना समोर ठेवू. (मराठवाड्यातल्या बीडशी त्यांचा संबंध नाही, तशी पत्रं पाठवू नयेत.) त्यांनी हा अभ्यासक्रम एकाच संस्थेत पहिल्या पायरीपासून शेवटच्या श्वासापर्यंत पूर्ण केला, आणि वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, ७३१ साली, आपल्या इतिहासग्रंथाच्या शेवटी स्वतःची त्रोटक माहिती आणि ग्रंथांची लांबलचक यादी जोडून ठेवली. आमचं काम त्यामुळे बरंच हलकं झालं आहे.

प्रवेश

प्रवेशाचं वय सात वर्षं. तुमचं मत विचारलं जाणार नाही. नातेवाइकांनी हाताला धरून मठाधिपतींच्या स्वाधीन करायचं, की झालं. बीडगुरुजींनाही असंच सोडलं गेलं. कोणी सोडलं, ते त्यांनी ‘नातेवाईक’ एवढ्यावर भागवलं आहे. आई-वडिलांची नावं दिलेली नाहीत. जन्म सुमारे ६७३ मधला, तोही मठाच्याच जमिनीवर. मठाची स्थापना मात्र ६७४ची. संस्था निघण्याआधी विद्यार्थी हजर, असं उदाहरण विरळाच.

संस्था निवडताना इमारतीला भुलू नका. संस्थापकाच्या पायाला भिंगरी आहे का, ते बघा. बेनेडिक्ट बिस्कॉप हे सरदार घराण्यातले गृहस्थ पंचविशीत राजाची चाकरी सोडून रोमला गेले, आणि मग पुनःपुन्हा जातच राहिले. येताना ग्रंथ आणले, संतांचे अवशेष आणले, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी भिंतीवर लावायला चित्रं आणली. गॉल देशातून पाथरवट आणले आणि खिडक्यांसाठी काच करणारे कारागीरही आणले, कारण तोवर तिथं काच कुणाला करता येत नव्हती. एका खेपेला तर रोमच्या सेंट पीटर चर्चचा मुख्य गायकच शिकवायला घेऊन आले. मठाचे नियम त्यांनी सतरा मठ पाहून, त्यांतलं पटलं ते वेचून तयार केले. पहिला मठ वेअरमथला, दुसरा काही वर्षांनी टाइन नदीकाठी जॅरोला. दोन्ही मिळून संस्था एकच. ग्रंथसंग्रह दोनशेच्या आसपास गेला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. दोनशे ऐकून नाक मुरडू नका. यातल्या भूगोलाच्या एका सुंदर ग्रंथावर राजा आल्डफ्रिथचा डोळा होता. त्याच्या बदल्यात मठानं राजाकडून आठ कुटुंबं पोसतील एवढी जमीन घेतली.

हे सगळं बिस्कॉपनी करून ठेवल्यामुळे तुम्हाला कुठं जावं लागत नाही. गुरुजी आयुष्यात लिंडिस्फार्न आणि यॉर्क यांच्यापलीकडे गेल्याचं दिसत नाही. विद्वानानं घरकोंबडा असायला हरकत नाही; मात्र आधी कुणीतरी आल्प्स ओलांडून पुस्तकं वाहून आणलेली असावी लागतात.

जेवण बेताचं असतं. पुढे जाऊ.

पहिली परीक्षा

लवकरच साथ येते. ६८६च्या सुमारास आली तेव्हा जॅरोच्या मठात ज्यांना म्हणून प्रार्थना नीट म्हणता येत होत्या, ते सगळे गेले. उरले मठाधिपती चेओलफ्रिथ आणि एक लहान मुलगा. आता अडचण समजून घ्या. दिवसा आणि रात्री ठरलेल्या प्रहरांना स्तोत्रं म्हणायची, ती दोन गटांनी आळीपाळीनं, मध्ये पालुपदं घेत. इथं दोन गट म्हणजे एक मोठा माणूस आणि एक पोर. शेवटी नाइलाजानं ठरलं, की सकाळ-संध्याकाळच्या मुख्य प्रार्थना सोडून बाकीच्या वेळी पालुपदं गाळायची. हा कमी केलेला अभ्यासक्रम आठवडाभर टिकला. मठाधिपतींना रडू आवरेना. त्यांनी पालुपदं परत सुरू केली, आणि नवे लोक तयार होईपर्यंत दोघांनी सगळं रेटून नेलं. त्या मुलाचं नाव लिहिणाऱ्यानं दिलेलं नाही. बऱ्याच अभ्यासकांना तो बीडच वाटतो. वयही बारा-तेराचं, जुळणारं.

तेव्हा ‘माणसं कमी पडतात’ ही सबब या संस्थेत चालत नाही. हजेरीचं तर विचारूच नका. पुढच्या पिढीतल्या अल्क्विननं गुरुजींची एक गोष्ट नोंदवली आहे: प्रार्थनेच्या वेळी देवदूत येतात, आणि मी जागेवर दिसलो नाही तर ‘बीड कुठं आहे?’ असं ते विचारतील, असं गुरुजी म्हणत. युरोपभर नाव झालेल्या माणसाला ही धास्ती, तर तुमचं काय?

साहित्य

कागद नाही. वासराच्या कातड्यावर लिहायचं आहे. (ज्यांना हा परिच्छेद जड जाईल त्यांनी तो खुशाल वगळावा.) कातडं चुन्याच्या पाण्यात भिजत घालायचं, वाकड्या पात्यानं केस खरवडायचे, लाकडी चौकटीवर ताणून सुकवायचं आणि ताणलेलं असतानाच पुन्हा तासून पातळ करायचं. मग बोथट टोकानं रेघा ओढायच्या. रेघांना शाई नाही, नुसता दाब. लेखणी हंसाच्या पिसाची. शाईसाठी ओकच्या झाडावरच्या गाठी (आपल्या बाळगुटीतलं मायफळ हा त्यातलाच प्रकार), हिराकस आणि डिंक. ही शाई लिहिताना फिकी दिसते आणि नंतर काळी होते, म्हणून पहिल्या ओळीला घाबरून दौत ओतून देऊ नये.

आता खर्चाचा अंदाज. चेओलफ्रिथनी संपूर्ण बायबलच्या तीन प्रती करवून घेतल्या. त्यातली एक अजून शाबूत आहे: हजार तीसच्या आसपास पानं, पान सुमारे दीड-पावणेदोन फूट उंच, वजन चौतीस किलोच्या घरात. एका वासरामागे अशी दोन पानं निघतात. म्हणजे एका प्रतीला पाचशेवर वासरं, आणि प्रती तीन. विद्वत्तेला आधी गोठा लागतो, हे पाठ्यपुस्तकात सहसा लिहीत नाहीत.

ही प्रत पोपना भेट द्यायला वृद्ध चेओलफ्रिथ ७१६ साली स्वतः निघाले. मागे दोन्ही मठांत मिळून सहाशेवर माणसं उरली होती. ते वाटेत लांग्र गावी वारले. ग्रंथ पुढे इटलीत गेला. पुढे कुणीतरी अर्पणपत्रिकेतलं त्यांचं नाव खोडून दुसरंच घातलं, आणि हे काम इटलीतलंच असावं, अशी हजारेक वर्षं समजूत राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकांनी खाडाखोडीखालची अक्षरं लावली तेव्हा मूळ मालकाचा पत्ता लागला. ग्रंथ सध्या फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. नवशिक्यांना सूचना: नाव घालायचंच असेल तर खोल घालावं.

थंडीनं बोटं वळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. गुरुजींचा शिष्य कथबर्ट पुढे मठाधिपती झाला, तेव्हा जर्मनीतल्या एका बिशपला त्याने तसं लिहून कळवलंही: यंदाच्या हिवाळ्यानं नक्कल करणाऱ्यांचे हात चालू दिले नाहीत, म्हणून मागितले तेवढे ग्रंथ पाठवता आले नाहीत. त्याच पत्रात त्याने काच करणारा एक कारागीर आणि एक वीणावादकही मागून घेतला. सबब सांगताना मागणीही पुढे सरकवावी, ती अशी.

बोटांवर मोजणे

गणिताचा तास आता. आकडे रोमन लिपीतले, शून्य नाही, पाटीही नेहमी हाताशी नाही. म्हणून गुरुजींनी ७२५ साली कालगणनेवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याचं पहिलंच प्रकरण बोटांवर आहे. डावा हात एकं आणि दहं, उजवा शतं आणि सहस्र. डाव्या हाताची करंगळी वाकवून तळव्याच्या मध्यावर टेकवा: एक. अनामिकाही वाकवा: दोन. मधलं बोट: तीन. आता करंगळी उचला: चार. अनामिकाही उचला: पाच. मधलं उचलून अनामिका एकटी वाकवा: सहा. इथं बहुतेकांची बोटं संप करतात. धीर सोडू नये. तर्जनीचं नख अंगठ्याच्या मधल्या पेऱ्याला लावलं की दहा. हेच आकार उजव्या हातावर केले, की शेकडे आणि हजार. दोन हातांत ९,९९९ बसतात. त्यापुढे हात छातीवर, बेंबीवर, मांडीवर ठेवत जायचं, आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली की दहा लाख.

याच आकड्यांना लॅटिन अक्षरं जोडली की गुपचूप बोलता येतं. गुरुजींचं उदाहरणही मासलेवाईक आहे: मित्र लबाड माणसांत सापडला असेल तर त्याला तीन, एक, वीस, एकोणीस, पाच असं करत बोटांनी ‘जपून’ असा इशारा द्यावा. आयुष्य मठात घालवलेल्या माणसाला नेमकं हेच उदाहरण का सुचलं, हा विचार मी बऱ्याचदा करतो.

ईस्टर कधी?

हा प्रश्न आला की सगळ्यांनी ताठ बसायचं; या जगातलं सगळ्यात स्फोटक गणित हे आहे. गुरुजींच्या जन्माआधीची गोष्ट. नॉर्थंब्रियाचा राजा ओस्विउ आयर्लंडकडच्या संन्याशांच्या पद्धतीनं ईस्टर धरायचा, राणी केंटकडची, ती रोमच्या. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरातली मुलगी दाते पंचांगाच्या घरात सून म्हणून यावी, आणि नेमकी त्याच वर्षी दिवाळी महिनाभर मागे-पुढे पडावी, तसा प्रकार. राजाच्या पंगतीत सणाचं जेवण आणि राणीचा उपास अजून संपायचा, असंही व्हायचं. ६६४ साली व्हिटबीला सभा भरवून वाद मिटवला गेला. दोन्ही बाजूंनी पुरावे बरेच मांडले, पण राजाचा निर्णय व्यवहारी होता: स्वर्गाच्या किल्ल्या पीटरकडे आहेत, तेव्हा रोममधल्या पीटरच्या गादीशी वाकडं घेऊन आपल्याला परवडणार नाही.

राजाचं भागलं; गणित राहिलं. वसंतसंपात धरायचा, त्यानंतरची पौर्णिमा काढायची, मग पुढचा रविवार. सूर्याची एकोणीस वर्षं आणि चंद्राचे २३५ महिने जवळजवळ बरोबर जुळतात, म्हणजे एकोणीस वर्षांत सात अधिक मास. हे मराठी माणसाला वेगळं शिकवायला नको. त्यात वारांचं अठ्ठावीस वर्षांचं चक्र गुंतवलं की ५३२ वर्षांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून. गुरुजींनी १०६३ सालापर्यंतचं कोष्टक तयार करून ठेवलं. वर्षं ख्रिस्तजन्मापासून मोजण्याची रीत काढली डायोनिसियस नावाच्या संन्याशानं. ती इतिहासलेखनात वापरून रूढ केली गुरुजींनी. आपल्या लग्नपत्रिकांत ‘इ. स.’ येतं, त्याला एक टेकू जॅरोच्या त्या मेजाचा आहे.

चंद्राच्या मागे लागल्यावर समुद्र सुटत नाही. भरती रोज किती उशिरानं येते याचा हिशेब त्यांनी मांडलाच, शिवाय एकाच किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या बंदरांत तिची वेळ वेगळी असते आणि प्रत्येक बंदराची आपली वेळ ठरलेली असते, हेही टिपलं. पृथ्वी गोल आहे, आणि ढालीसारखी नव्हे, चेंडूसारखी सगळीकडून, हेही विद्यार्थ्यांना बजावून सांगितलं. मध्ययुगात सगळ्यांना पृथ्वी सपाट वाटायची, असं कुणी सांगितलं तर नम्रपणे हा संदर्भ द्यावा.

आरोप झाल्यास

गणित बरोबर असलं की आरोप होतोच. जगाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापर्यंत पाच हजारांवर वर्षं, असं सगळे धरून चालले होते. गुरुजींनी हिब्रूवरून झालेल्या लॅटिन बायबलातले आकडे मांडून ३,९५२ काढले. ७०८ साली बिशप विल्फ्रिडच्या मेजवानीत दारू प्यायलेल्या काही मंडळींनी त्यांना पाखंडी ठरवलं. गुरुजी एरवी शांत प्रकृतीचे, पण ही बातमी आल्यावर त्यांनी लिहिलेलं पत्र वाचताना कान गरम होतात. शिकण्यासारखं आहे ते पुढे: पत्रावर ते थांबले नाहीत. सतरा वर्षांनी तोच विषय विस्तारानं, सगळी आकडेमोड उघडी ठेवून पुन्हा मांडला, आणि आकडा ३,९५२च ठेवला.

लिहिणे आणि उचलणे

नवशिक्यांचा लाडका प्रश्न: दुसऱ्याचं किती घ्यावं? हवं तेवढं घ्या, पण खूण करा. मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांवर भाष्य लिहिताना गुरुजींनी अँब्रोझ, ऑगस्टिन, जेरोम, ग्रेगरी यांच्याकडून भरपूर घेतलं. मात्र कुठलं वाक्य कुणाचं, ते समासात त्या त्या नावाची आद्याक्षरं घालून दाखवलं, आणि नक्कल करणाऱ्यांनो, ही अक्षरं गाळू नका, अशी विनवणीही केली. आमच्या मते आठव्या शतकातलं हे सगळ्यात धाडसी काम आहे. दुसऱ्याचं ते आपलं म्हणून खपवायला तेव्हा कुणाची आडकाठी नव्हती. एका पत्रात त्यांनी म्हटलंय, की मजकूर सांगणारा मी, टिपून घेणारा मी आणि सुवाच्य नक्कल करणाराही मीच. मदतनीस मिळत नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे ध्यानात धरावं.

इतिहास लिहिताना मात्र एकट्यानं भागत नाही. कँटरबरीच्या अल्बिनस नावाच्या मठाधिपतींनी कागदपत्रं पुरवली. लंडनचे नॉथेल्म नावाचे धर्मगुरू ती घेऊन आले, आणि पुढे रोमच्या दफ्तरखान्यात जाऊन जुन्या पोपची पत्रं उतरवून घेऊन आले. पुन्हा तेच: चालले दुसरे, बसले गुरुजी. पण प्रस्तावनेत त्यांनी कुणाकडून काय मिळालं ते नावानिशी लिहिलं, आणि ऐकीव ते ऐकीव म्हणूनच सांगितलं.

वर्ग

ही सगळी पुस्तकं मुळात पोरांसाठी होती. शुद्धलेखनावर एक, छंदांवर एक, अलंकारांवर एक. कालगणनेवर आधी छोटं लिहिलं, ते फार आखूड झाल्याची विद्यार्थ्यांची तक्रार आली म्हणून मोठं. गाइड अपुरं पडतं म्हणून मुलांनी जाड पुस्तक मागितल्याचं आमच्या माहितीतलं हे एकमेव उदाहरण.

ज्यांना लॅटिन येत नाही त्यांच्यावर ओरडू नये. गुरुजींनी अशा धर्मगुरूंना प्रभूची प्रार्थना आणि श्रद्धेचा सारांश इंग्रजीत करून दिला होता. हे ते मृत्यूच्या आदल्या वर्षी यॉर्कच्या बिशप एग्बर्टना पत्रात सांगतात. त्याच पत्रात सरदार लोक मठाच्या नावावर जमिनी लाटून त्यावर बायकामुलांसह आरामात राहतात, राज्याला ना कर ना शिपाई, अशी सणसणीत तक्रारही आहे. या परिच्छेदाला आमच्याकडून टीप नाही.

निवृत्ती

ती नसते. ७३५च्या ईस्टरच्या आधीपासून गुरुजींना धाप लागत होती, तरी रोजचे पाठ चालू होते. योहानाच्या शुभवर्तमानाचं इंग्रजी भाषांतर आणि इसिडोरच्या ग्रंथातले उतारे अशी दोन कामं हातात होती. आपल्या माघारी मुलांनी चुकीचं वाचू नये, म्हणून त्यांना दुसऱ्या कामाची घाई होती. शेवटच्या दिवशी सकाळी लिहून घेणाऱ्या मुलानं भीत भीत सांगितलं, की एक प्रकरण राहिलंय, पण तुम्हाला त्रास होईल. गुरुजी म्हणाले, लेखणी घे, भरभर लिही. दुपारी त्यांनी आपली पेटी उघडायला लावली आणि जवळचे धर्मगुरू बोलावून इस्टेट वाटली. इस्टेट अशी: थोडे मिरे, काही रुमाल, थोडा धूप. हे मिरे मलबारच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र आणि भूमध्य समुद्र पार करून इंग्लंडच्या उत्तरेला पोचलेले. गुरुजींपेक्षा त्यांच्या मिऱ्यांचा प्रवास जास्त झाला. संध्याकाळी मुलगा म्हणाला, एक वाक्य उरलंय. तेही सांगून झालं, आणि खोलीतल्या जमिनीवर बसून स्तुती म्हणत गुरुजी गेले.

नंतर

हाडांची काळजी घ्यावी लागते. अकराव्या शतकात डरहॅमच्या चर्चचा आल्फ्रेड नावाचा एक सेवेकरी दरसाल गुरुजींच्या पुण्यतिथीला जॅरोला यायचा. एका वर्षी तो पहाटे कुणाला न सांगता निघून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. बीडच्या अस्थी कुठं आहेत असं विचारलं की, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार, असं म्हणायचा. अस्थी आज डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये आहेत.

पदवीबाबत. ‘आदरणीय’ हे बिरुद गुरुजींना लोकांनीच दिलं. संन्याशाला समाधीलेखात एक शब्द सुचेना, रात्रीत देवदूतानं तो भरून टाकला, अशी दंतकथा आहे. रोमकडून मिळणारी ‘चर्चचे आचार्य’ ही पदवी मात्र पोप तेरावे लिओ यांनी १८९९ साली दिली, आणि इंग्लंडात जन्मलेल्यांपैकी ती मिळवणारे ते तोवर पहिलेच होते. ७३५ ते १८९९, म्हणजे अकराशे चौसष्ट वर्षं. निकालाबाबत मधल्या काळात चौकशी करू नये.